चार एकर, चार वारस आणि एक ठिबक संच : महाडीबीटीवरच्या एका अर्जाचं प्रकरण

जालना जिल्ह्यातलं चार एकरांचं रान. सातबाऱ्यावर १.६२ हेक्टर, एकच गट, मध्यम ते भारी काळी जमीन. खरिपात कापूस, त्यात तुरीची एखादी ओळ. पाण्याला चुलत्याच्या बांधावरची सामाईक विहीर आणि ५ एचपीची मोटर. जून-जुलैत पीक बरं असतं. ऑगस्टमध्ये पावसाने वीस-बावीस दिवसांची ओढ दिली की पाते आणि लहान बोंडं गळायला लागतात. सऱ्या भरून पाणी द्यायचं तर विहीर दोन-तीन तासांत तळाला जाते आणि निम्मं रान कोरडं राहतं. म्हणून थोरल्या मुलाने अडीच एकरांवर, म्हणजे १ हेक्टरवर, अनुदानातून ठिबक बसवायचं ठरवलं.

हे कोणा एका घराचं प्रकरण नाही. ठिबकचे अर्ज ज्या अडचणींत पुन्हा पुन्हा अडकतात, त्या एका रानावर आणून मांडल्या आहेत. नियम, टक्केवारी आणि मापदंड मात्र योजनेतलेच आहेत.

अर्जाच्या आधीचा सातबारा

बहुतेकांची धडपड पोर्टलवर फॉर्म भरण्यापासून सुरू होते. या प्रकरणात फॉर्मचं काम अर्ध्या तासाचं होतं आणि सातबाऱ्याचं अडीच महिन्यांचं. वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते, पण सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव होतं. रान मुलं कसत होती, कापूसही तेच विकत होते. तरी कागदावर त्यांचा त्या जमिनीशी संबंध नव्हता. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे ॲग्रिस्टॅकचा क्रमांक, सक्तीचा आहे आणि तो खातेदारालाच मिळतो. वारस नोंद नाही म्हणून ओळख क्रमांक नाही, आणि ओळख क्रमांक नाही म्हणून महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदान पोर्टलवर, अर्जच करता येईना.

वारस नोंदीसाठी ई-हक्क प्रणालीवरून किंवा थेट ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (ज्यांना गावात आजही तलाठीच म्हणतात) अर्ज करायचा. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते लिहिलेलं स्वयंघोषणापत्र आणि आधारच्या प्रती लागतात. नोंद घेतली की नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद, मंजूर करतात. इथे एक गाठ बसली. मृत्यू दाखल्यावर वडिलांचं पाळण्यातलं नाव होतं आणि सातबाऱ्यावर गावात चालणारं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र दिल्यावर ती सुटली, पण तीन आठवडे गेले. वारसांची नावं चढवताना ती आधारवर आहेत तशीच, अक्षरन् अक्षर, लिहून द्यावीत. पुढे ओळख क्रमांक काढताना आधार आणि सातबारा जुळले नाहीत, तर दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली वेगळा अर्ज करावा लागतो.

फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर चार नावं आली : आई, दोन मुलं आणि लग्न होऊन सासरी गेलेली बहीण. प्रत्येकाचा हिस्सा साधारण ४० आर (१०० आर म्हणजे १ हेक्टर). अर्ज थोरल्याचा, ठिबक १०० आरवर. आता काय करायचं?

गावात अशा वेळी लगेच सल्ला मिळतो, "ताईकडून हक्कसोड करून घ्या, सातबारा मोकळा होईल." अनुदानाच्या कामासाठी हे अजिबात करू नये. सामाईक क्षेत्र असेल तर इतर सहहिस्सेदारांचं संमतीपत्र चालतं. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, कोणाच्या नावाने ठिबकचा अर्ज होतोय आणि त्याला आपली हरकत नाही, एवढंच लिहायचं असतं. हक्कसोडपत्र हा नोंदणी करून मालकी सोडण्याचा दस्त आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क मुलाइतकाच आहे. लाखभर रुपयांच्या अनुदानासाठी बहिणीने तो कायमचा सोडावा, असं योजनेत कुठेही म्हटलेलं नाही. संमतीपत्रावर तिची सही घ्यावी, आणि सही घेण्याआधी तिला तो कागद वाचून दाखवावा.

संमतीपत्राऐवजी आणखी दोन रस्ते होते. चौघांनी आपापल्या हिश्श्यापुरते वेगवेगळे अर्ज करता आले असते, पण मग फिल्टर, व्हेंचुरी (पाण्यातून खत सोडायचं साधन) आणि मेन लाइन चारदा घ्यावी लागली असती. किंवा कलम ८५ खाली तहसीलदारांकडून संमतीने वाटप करून घ्यायचं. ते कधीतरी करावं लागणारच आहे, पण मे महिन्यात संच बसवायची घाई असताना वाटपाची फाइल उघडण्यात शहाणपण नव्हतं.

विहिरीचंही तसंच. विहीर चुलत्याच्या गटात, यांचा निम्मा हिस्सा तोंडी. ठिबकला पाण्याचा स्रोत दाखवावा लागतो. चुलत्याच्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होती, म्हणून त्यांचं पाणी वापरण्याचं संमतीपत्र जोडलं. ज्यांची विहीर स्वतःच्या गटात आहे पण सातबाऱ्यावर आलेली नाही, त्यांनी ई-पीक पाहणी करतानाच तिची नोंद घ्यावी. हंगाम संपल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते सोपं पडतं. वीज जोडणी वडिलांच्या नावावर होती, ती महावितरणकडून बदलून घेतली.

किती पैसे, आणि कशाच्या ८० टक्के

अनुदानाचे दोन भाग आहेत. केंद्राच्या प्रति थेंब अधिक पीक योजनेतून अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के. त्यावर राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून २५ आणि ३० टक्क्यांची भर पडते. म्हणजे २ हेक्टरपर्यंत जमीन असेल तर ८०, त्याहून जास्त असेल तर ७५ टक्के, आणि कमाल क्षेत्र ५ हेक्टर. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि अनुसूचित जमातींसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना यांतून पूरक अनुदान मिळतं. त्या शेतकऱ्यांनी जातीचा दाखला आधीच तयार ठेवावा.

पण हे ८० टक्के दुकानदाराच्या बिलाचे नसतात, सरकारने ठरवलेल्या खर्च मापदंडाचे असतात. १ हेक्टरसाठी १.२ बाय ०.६ मीटर अंतरावर मापदंड १,२७,५०१ रुपये आहे, १.५ बाय १.५ मीटरला ९७,२४५ आणि फळबागेतल्या ५ बाय ५ मीटरला ३९,३७८. या प्रकरणात कापसाची लागवड ४ बाय दीड फुटांवर, म्हणून लॅटरलचं, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबक नळ्यांचं, अंतर १.२ मीटर. अनुदान १,०२,००१ रुपये. कुटुंबाच्या नावावर दुसऱ्या गावात जमीन असती आणि खातं २ हेक्टरच्या वर गेलं असतं, तर ९५,६२६.

दुकानदाराचं पहिलं कोटेशन १,५१,४६७ रुपयांचं आलं. ते बारकाईने पाहिलं तर त्यात जीएसटी १२ टक्क्यांनी लावला होता. ठिबक संचावरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे. दुरुस्त कोटेशन १,४२,००० वर आलं, म्हणजे एका ओळीत ९,४६७ रुपये वाचले. तरीही स्वतःचा वाटा ३९,९९९ रुपये, शिवाय मेन (मोटरपासूनचा मुख्य पाइप) आणि सबमेन (त्यातून लॅटरलना पाणी देणारा पाइप) पुरायला चारी खोदाईची मजुरी वेगळी. "वीस टक्केच भरायचे" असं मनात धरून बसलेल्या माणसाला हा आकडा जड जातो, म्हणून तो कोटेशन आलं त्याच दिवशी कागदावर मांडावा.

त्याहून जड बाब म्हणजे पैसे आधी पूर्ण भरायचे असतात. अनुदान नंतर खात्यात येतं आणि ते कधी येईल हे निधी उपलब्ध होण्यावर असतं. १,०२,००१ रुपये दोन रुपये शेकडा महिना व्याजाने उचलले आणि अनुदानाला सहा महिने लागले, तर व्याजच १२,२४० रुपये होतं. मग ८० टक्क्यांचं अनुदान प्रत्यक्षात ७० टक्क्यांवर उतरतं. खासगी सावकारापेक्षा सोसायटीचं किंवा बँकेचं मध्यम मुदतीचं कर्ज घेतलेलं बरं. त्याची चौकशीही अर्जाच्या आधीच व्हायला हवी.

आराखडा : जिथे कापूस तरतो किंवा वाळतो

कोटेशनसोबत संचाचा आराखडा येतो. तो बहुतेक जण पाहतही नाहीत, आणि अनुदान मिळूनही ठिबक फसतं ते इथेच. म्हणून हा भाग जरा सविस्तर.

रान १२५ मीटर लांब, ८० मीटर रुंद. १.२ मीटरवर ओळी धरल्या तर ६७ ओळी होतात. लॅटरल हेक्टरी साधारण ८,३३३ मीटर, ०.६ मीटरवर ड्रिपर (थेंब सोडणारं तोंड) म्हणजे जवळपास १३,८८९ ड्रिपर. पहिल्या आराखड्यात ड्रिपर ताशी ४ लिटरचे होते आणि सबमेन रानाच्या एका टोकाला, म्हणजे प्रत्येक लॅटरल १२५ मीटर लांब. १६ मिलिमीटरच्या इनलाइन (आतच ड्रिपर बसवलेल्या) नळीत ४ लिटरचे ड्रिपर असताना एवढ्या लांबीवर दाब टिकत नाही. पहिल्या झाडाला पाणी भरपूर आणि शेवटच्या वीस-तीस मीटरला नुसतं ओलसर, असं होतं. शेतकरी म्हणतो ठिबक बिघडलं. खरं तर ते चुकीचं बसवलेलं असतं.

दुरुस्त आराखड्यात सबमेन रानाच्या मध्यातून घेतली आणि लॅटरल दोन्ही अंगांना ६२.५ मीटरचे झाले. नळी तेवढीच लागली, फक्त तोंड बदललं.

आता मोटरचा हिशेब. १३,८८९ ड्रिपर ताशी ४ लिटरने चालवायचे तर तासाला ५५,५५६ लिटर, म्हणजे सेकंदाला १५.४ लिटर पाणी हवं. विहिरीवरची मोटर प्रत्यक्ष मोजल्यावर सेकंदाला ५ लिटर देत होती. (मोजायची सोपी रीत : २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते पाहायचं. इथे ४० सेकंद लागले.) म्हणजे ४ लिटरच्या ड्रिपरवर रानाचे चार भाग करावे लागले असते. २ लिटरचे ड्रिपर घेतले तर तासाला २७,७७८ लिटर, दोन भागांत सेकंदाला ३.९ लिटर, मोटरला सहज झेपणारं.

पाणी द्यायला लागणारा एकूण वेळ दोन्हींत तेवढाच, कारण वेळ मोटर ठरवते. बोंडं भरण्याच्या काळात दिवसाला ४ मिलिमीटर पाणी द्यायचं धरलं तर हेक्टरी ४०,००० लिटर होतात. दोन भागांत प्रत्येकी जवळपास दीड तास, मिळून तीन तासांच्या आत. आठ तासांच्या थ्री फेज विजेत हे बसतं. फरक पडतो तो जमिनीत. काळ्या मातीत पाणी हळू मुरतं. ४ लिटरच्या ड्रिपरखाली डबकं साचून पाणी वरवर पसरतं, २ लिटरच्या ड्रिपरखाली तेच पाणी खाली मुळांपर्यंत जातं. शिवाय व्हॉल्व्ह कमी लागतात आणि रात्री-अपरात्री ते बदलायला जाणं वाचतं. आमच्या मते काळ्या जमिनीत आणि लहान मोटरवर २ लिटरच घ्यावेत.

उघड्या विहिरीत शेवाळ असतं, म्हणून वाळूची गाळणी आणि तिच्यानंतर जाळीची किंवा चकत्यांची गाळणी, दोन्ही हव्यात. पहिल्या कोटेशनमध्ये फक्त जाळीची होती. बोअरचं पाणी असेल आणि त्यात वाळू येत असेल तर हायड्रोसायक्लोन, म्हणजे पाणी फिरवून वाळू वेगळी करणारं साधन, लागतो. खत सोडायला व्हेंचुरी, सबमेनच्या टोकाला फ्लश व्हॉल्व्ह आणि उंच जागी एअर व्हॉल्व्ह. एअर व्हॉल्व्ह नसेल तर मोटर बंद होताना नळीत पोकळी होते आणि ड्रिपरच्या तोंडातून चिखल आत ओढला जातो. माल घेताना इनलाइन लॅटरलवर आयएस १३४८८ आणि पीव्हीसी पाइपवर आयएस ४९८५ हे आकडे छापलेले आहेत का, ते स्वतः वाचावं. मोका तपासणीत, म्हणजे रानात येऊन होणाऱ्या तपासणीत, तेच पाहिलं जातं.

पोर्टल, पूर्वसंमती आणि एक हातघाई

पोर्टलवर जाण्याआधी एक प्रश्न सोडवला होता : गाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आहे का? हा जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ मध्ये १५ जिल्ह्यांत सुरू झाला, दुसऱ्या टप्प्यात जिल्हे २१ झाले. प्रकल्पातल्या गावांना हवामान अनुकूल शेतीच्या बाबींसाठी वेगळ्या पोर्टलवरून अर्ज करता येतो. हे गाव यादीत नव्हतं, म्हणून महाडीबीटी. एकाच गटावर एकाच कामासाठी दोन्हीकडून अनुदान मिळत नाही. दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवणारे शेवटी दोन्हीकडे अडकतात.

अर्ज स्वतःच्या मोबाइलवरून किंवा सेवा केंद्रातून करता येतो, शुल्क २३ रुपये ६० पैसे. आधी सोडत निघायची. २०२५ पासून आधी अर्ज करणाऱ्याला आधी, असा क्रम आहे. त्यामुळे वारस नोंदीत गेलेला प्रत्येक आठवडा अर्जदाराला रांगेत मागे नेत होता. अर्जात तीन ठिकाणी चुका होतात. क्षेत्र एकरात लिहिलं जातं, तिथे हेक्टर हवं, २.५ लिहिलं की अर्ज अडीच हेक्टरचा होतो आणि खात्यात तेवढी जमीन नसल्याने परत येतो. दुसरं म्हणजे लॅटरलचं अंतर आराखड्याशी जुळत नाही. तिसरं, मोबाइल क्रमांक सेवा केंद्रवाल्याचा टाकला जातो आणि निवडीचा मेसेज शेतकऱ्याला कळतच नाही. कागदपत्रं चढवायची मुदत गेली की अर्ज रद्द होतो.

याच गटावर वडिलांनी पूर्वी ४० आरसाठी ठिबकचं अनुदान घेतलेलं निघालं. एकदा लाभ घेतलेल्या क्षेत्रावर ७ वर्षं पुन्हा मिळत नाही, आणि हे बंधन गटाला चिकटतं, माणसाला नाही. सुदैवाने त्याला ७ वर्षं उलटून गेली होती. ती झाली नसती तर वारसाच्या नावाने केलेला अर्जही फिरला असता.

निवड झाली, कोटेशन, संमतीपत्रं आणि आराखडा चढवला. एप्रिलचा शेवट आला तरी पूर्वसंमती, म्हणजे माल घेण्याआधीची मंजुरी, येईना. दुकानदार म्हणाला, "दादा, माल आलाय, घेऊन जा, बिल मागाहून करू." इथे अर्जदार थांबला, आणि ते बरोबर केलं. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं देयक असेल तर अनुदान नामंजूर होतं. तारीख मागेपुढे करून बनवलेलं बिल जीएसटीच्या नोंदींशी ताडून पाहिलं जाऊ शकतं. ती जोखीम दुकानदाराची नसते, शेतकऱ्याची असते. तोवर चारी खोदून ठेवणं, मोटर मोजणं ही कामं करता येतात. पूर्वसंमती पत्र मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. तिथून साधारण ३० दिवसांत संच बसवून देयक चढवायचं असतं. नेमकी तारीख पत्रावर पाहावी.

मोका तपासणी

सहाय्यक कृषी अधिकारी रानात येऊन मोजमाप घेतात आणि अक्षांश-रेखांशासह फोटो काढतात. इथे प्रत्यक्ष क्षेत्र ९६ आर भरलं, कारण नाल्याकडेचा पट्टा लॅटरलशिवाय सोडला होता. अनुदान मोजलेल्या क्षेत्रावर मिळतं, अर्जातल्या नाही. तो पट्टा आधीच सोडायचा ठरला असता तर अर्ज आणि कोटेशनही तेवढ्यावरच केले असते आणि खर्चही कमी झाला असता.

तपासणीच्या आदल्या दिवशी संच चालवून एक पाहणी करून घ्यावी. ड्रिपरखाली पेला लावायचा आणि सहा मिनिटं थांबायचं. २ लिटरच्या ड्रिपरचं २०० मिलिलिटर पाणी जमायला हवं. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या लॅटरलवर, प्रत्येकाच्या सुरुवातीला आणि टोकाला, असे सहा पेले. इथे पाच ठिकाणी १९० ते २०५ आलं आणि एका टोकाला १५०. तो लॅटरल ग्रोमेटपाशी, म्हणजे सबमेनवरच्या जोडाच्या रबरी कड्यापाशी, मुडपला होता. सरळ केल्यावर तोही १९५ वर आला. पुढे दर महिन्याला हेच करावं. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी गाळणी धुवायची, मग टोकं उघडून लॅटरल सोडायचे. क्षार असतील तर आम्ल प्रक्रिया आणि शेवाळ असेल तर क्लोरीन. दोन्ही एकत्र कधीही मिसळू नयेत, विषारी वायू निघतो.

ठिबक आलं म्हणून मे महिन्यातच कापूस टोबायचा मोह होतो. पूर्वहंगामी कापसावर गुलाबी बोंडअळीला लवकर खाद्य मिळतं आणि तिच्या पिढ्या वाढतात. पाणी हाताशी असलं तरी लावण जूनमध्येच.

पैसे कुठे गेले

सप्टेंबरमध्ये पोर्टलवर अनुदान वितरित दिसलं, पण ज्या बँकेचं पासबुक जोडलं होतं त्या खात्यात काही नव्हतं. थेट हस्तांतराचे पैसे पासबुकावरच्या खात्यात जात नाहीत. आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. अर्जदाराने मधल्या काळात दुसऱ्या बँकेत खातं उघडताना आधार दिलं होतं आणि जोडणी तिकडे सरकली होती. पैसे तिथे सुखरूप होते. ते खातं बंद पडलेलं असतं तर रक्कम परत गेली असती आणि पुन्हा काढायला महिने लागले असते. आधार कोणत्या बँकेशी जोडलंय हे पूर्वसंमती आल्यावर एकदा तपासलं की ही धावाधाव वाचते.

देयक, पूर्वसंमती पत्र, आराखडा, चारही संमतीपत्रं (तीन वारसांची, एक चुलत्याचं) आणि मोका तपासणीची प्रत एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याबरोबर ठेवली आहे. ७ वर्षांनी लॅटरल बदलायची वेळ येईल, तेव्हा याच गटावर मागचा लाभ कधी आणि कोणाच्या नावे घेतला, हे पोर्टल पुन्हा विचारेल.